गार फरशीची खोली

३ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, म्हणून नेहमीसारखं नाक मुरडू नका. मागच्या बाजूला जुनं वीजबिल आहे. सवड मिळाली तर तेही वाचा, आपल्या घरी वीज किती जपून जळते ते कळेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोन आईंच्या खाटेशी आहे आणि त्यांना कमी ऐकू येतं ही तुमची समजूत आहे. त्यांच्याविषयी बोललेलं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं. आणि मला जे लिहायचं आहे ते त्यांच्याविषयीच आहे.

आपल्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा गेले. तुमच्या लग्नातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलं होतं. आजारी नव्हते. सकाळी जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "सूनबाई, आज सूर्याला काही कामधंदा दिसत नाही, आमच्याच मागे लागलाय." संध्याकाळी दूधवाल्याने दार ठोठावलं, मग शेजारच्यांनी उघडलं. खुर्चीत बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, उन्हाने. वन्सं, ते घरातच होते. उन्हात गेलेच नव्हते. आणि डोक्यावर पंखा चालू होता. मी स्वतः पाहिला, गरगर फिरत होता.  पंख्याखाली बसलेला माणूस उन्हाने कसा मरतो? तुम्ही हवामानाच्या ऑफिसात आहात, मला एवढं समजावून सांगा.

आई त्यांच्याहून मोठ्या आहेत आणि आपण सर्वांत वर, स्लॅबखाली राहतो. भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. तुमचे दादा दिवसभर बसडेपोत, घरी आम्ही दोघीच.

तुमच्या ऑफिसने छापलेलं पत्रक सोसायटीने वाटलं. 'प्रत्येक कुटुंब काय करू शकतं.' मी मोठ्या आशेने वाचायला घेतलं. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. कपडे शिवून वापरा. अन्न टाकू नका. चालत जा. अहो, हे तर मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे! तुम्हीच मला चिक्कू म्हणायचात. आता सगळं करून झालंय आणि ऊन तर वाढतच चाललंय. मग माझ्यासारखीने आता काय करायचं, ते त्या पत्रकात कुठेच नाही.

रोज देवाला सांगते. पण त्याच्याकडेही गर्दी असणार.

तुमची,
वहिनी

१२ एप्रिल

वहिनी,

वीजबिल वाचलं. ते बिल नाही, शिक्षा आहे.

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि वाईट आहे. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. हवाच अंगापेक्षा गरम झाली की पंखा भट्टीचा भाता होतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान कळत नाही. म्हणून घरात बसलेली माणसं जातात, आणि एकटी राहणारी आधी जातात.

आता हे नीट वाच आणि पाठ कर. आईचं अंग कोरडं आणि चटका बसेल असं तापलं, बोलणं भरकटलं, माणसं ओळखेनाशी झाली, तर डॉक्टरची वाट बघत बसायची नाही. शेजारणीने फोन करायचा आणि तू तिथल्या तिथे, कपड्यांसकट, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतायचं. ओल्या चादरी, वारा, मानेला आणि काखेत गार फडकी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं. लाजायचं नाही, थांबायचं नाही.

आणि मुख्य गोष्ट. एसी घ्या. मी इथून पाठवते. तुझी काटकसर माझ्या आईच्या जिवावर नको. स्पष्ट लिहिलं म्हणून रागावू नकोस, पण दादा तुझ्यापुढे बोलत नाही म्हणून मलाच बोलावं लागतं.

घाईत आहे. ऑफिसात कामाचा ढीग आहे.

तुझी नणंद

२१ एप्रिल

वन्सं,

रागावले नाही. रडले, आणि मग वायरमनला बोलावलं.

त्याने मीटरच्या पेटीत डोकं घातलं आणि हसत बाहेर आला. म्हणाला, "बाई, या तारा तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या आहेत. वरच्या मजल्याला एसी लावाल तर थंड व्हायच्या आधी पेटाल." सगळ्या इमारतीच्या तारा बदलायला हव्यात आणि त्यावर सोसायटीची सभा अजून दोन पिढ्या चालेल. शिवाय हल्ली ऐन दुपारीच वीज जाते. मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत घरोघरी एसी आहेत. त्यांची सगळी गरम हवा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. खिडकी उघडावी तर ती वाफ, लावावी तर कोंडमारा. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही घरी म्हातारी माणसं आहेत.

तेव्हा चिक्कूपणा म्हणून नाही, इलाज नाही म्हणून एसी नाही. हे तुमच्या मनातून निघावं म्हणून एवढं लिहिलं.

पण दुसरंच काहीतरी घडलंय. ते वाचून मला वेड लागलं म्हणा हवं तर.

कोपऱ्यावरचं प्रार्थनेचं सभागृह तुम्हाला आठवतं ना? रस्त्यावरून चार पायऱ्या खाली उतरतात, दगडी भिंती, आत कायम अंधार. या आठवड्यात झाडलोटीची पाळी माझी होती. सकाळची प्रार्थना संपली, सगळे गेले, मी केर काढला आणि निघताना डोकं टेकवलं. वन्सं, फरशी गार होती. नदीतल्या दगडासारखी गार. मला कपाळ उचलावंसंच वाटेना. मी तशीच पडून राहिले आणि मनात आलं, ही खोली सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर उघडते. ऊन जेव्हा माणूस मारतं, नेमकी तेव्हाच हिला कुलूप असतं.

किल्ली मुख्य विश्वस्तांकडे. गल्लीत त्यांना कुलूपकाका म्हणतात, तोंडावर नाही. मी गेले त्यांच्याकडे. आजवर त्यांच्याशी मी "केर काढला" यापलीकडे बोललेले नाही.

"दुपारी उघडून काय करणार?" म्हणाले.

"म्हातारीकोतारी बसतील."

"बसतील, आणि मग आडवी होतील. प्रार्थनेची जागा घोरायला नाही."

मी म्हटलं, "काका, संध्याकाळच्या प्रवचनात पुढच्या रांगेत घोरणारे आहेतच. त्यांना आपण कधी उठवलं नाही."

ते स्वतःच पुढच्या रांगेत बसतात. मला बोलून झाल्यावर आठवलं! पाचावर धारण बसली. पण त्यांच्या घरातून कोणीतरी खुदकन हसलं, बहुतेक काकू. मग मी म्हटलं, "देव एकटाच गारव्यात बसलाय आणि लेकरं वर भाजताहेत, हे त्याला तरी आवडत असेल का?"  त्यांनी उठून खुंटीवरची किल्ली आणली आणि म्हणाले, "घड्याळवाला माझा शाळेतला सोबती होता."

उद्यापासून दुपारी उघडते आहे. आधी आईंना नेते.

तुमची,
वहिनी

८ मे

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. फोन उचलला नाही, तेही खरं.

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. दगडी खोली ही खरंच उत्तम युक्ती आहे. दारं सकाळी लवकर आणि सूर्य गेल्यावर उघडी ठेव, दुपारी पडदे लाव, म्हणजे गारवा टिकेल. पिण्याचं पाणी भरपूर ठेव.

आणि तरी खरं लिहू? वाचून पहिला विचार आला तो असा: एका खोलीने काय होणार? मी असं कोणाला बोलून दाखवत नाही. पण माझ्या डोक्यात हल्ली हेच चालतं. कशानेच काय होणार?

'कामाचा ढीग' असं मागे लिहिलं, ते खोटं होतं. मी ऑफिसला जात नाहीये. एका सकाळी टेबलाशी बसले, पुढल्या वर्षांच्या तापमानाचा अहवाल उघडला, त्यात आपल्या गावाकडचा भाग लाल नव्हता, काळपट जांभळा होता. नकाशावर लाल संपला की तो रंग वापरतात. मी त्या ठिपक्याकडे बघत बसले. तिथे आई झोपते, वरच्या मजल्यावर, एवढंच डोक्यात होतं. मग मला श्वास घेता येईना. साहेबांनी घरी पाठवलं. तेव्हापासून घरीच आहे. पडदे ओढून पडते. यांना वाटतं, थकवा आहे. वहिनी, मला भीती वाटते. इतकी की बातम्यांचा आवाज आला तरी उठून दुसऱ्या खोलीत जाते. इतकी वर्षं अहवाल लिहिले. कोणी वाचले?

दादाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नाही. तिला रोज त्या खोलीत ने. तेवढं तरी माझ्यासाठी कर.

तुझी नणंद

१३ मे

वन्सं,

कोणाला सांगितलं नाही. पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलंय, तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

तुम्ही घाबरलात हे वाचून आधी मला जास्तच भीती वाटली. म्हटलं, ज्यांना सगळं कळतं त्यांचेच हातपाय गळाले तर आमचं काय. मग वाटलं, चला, म्हणजे मी एकटी नाही. तुमच्याकडे नकाशा आहे, माझ्याकडे तापलेली भिंत. भीती एकच.

एका खोलीने काय होणार ते मला माहीत नाही. पृथ्वी गार करायला मला येत नाही. पण आई दुपारी तिथे तोंड उघडं टाकून झोपतात आणि त्यांच्या कपाळाला हात लावला तर कपाळ गार असतं. त्या वेळी माझी भीती थोडी खाली बसते, गढूळ पाण्यातला गाळ बसतो तशी.

रोज माणसं वाढताहेत. तळमजल्यावरची शिलाईवाली मशीनचं काम हातात घेऊन येते आणि काज करता करता झोपते. एक निवृत्त बसकंडक्टर आहेत, ते प्रत्येकाला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून जागा करून देतात. आईंचं आणि त्यांचं रोज वाजतं. काल आई म्हणाल्या, "तुम्ही घंटा वाजवलीत तरी मी उतरणार नाही." सगळे हसले. कुलूपकाका कधीमधी डोकावतात, कपाळाला आठ्या घालून, आणि पाण्याचं पिंप भरलंय का ते बघून जातात.

मी कामात पद्धत ठेवली आहे. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, घरखर्चाचा मेळ बसल्याशिवाय मला झोप लागत नाही. चपला सगळे पायऱ्यांवर काढतात. कोण आत आहे, कोण गेलं, हे मी चपलांवरून बघते. झोपलेल्या बायकांकडे सारखं टक लावून बघणं बरं दिसत नाही, आणि अंधारात दिसतही नाही. चपला बघितल्या की काम झालं. आता मला सगळ्यांच्या चपला तोंडपाठ आहेत. आईंच्या चपलांची तर लांबूनही ओळख पटते, एका अंगठ्याला मी काळा दोरा घातलाय. दारात बसून माझं नामस्मरणही होतं आणि लक्षही राहतं.

तुम्ही पडदे उघडा. निदान एक.

आईंची काळजी नसावी. त्या माझ्या नजरेखाली आहेत.

तुमची,
वहिनी

२४ मे

वहिनी,

काल दादाचा फोन आला. म्हणाला, "आईला मधे जरा बरं नव्हतं, आता ठीक आहे." दादा 'जरा' म्हणतो तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळतं. बाबांच्या वेळीही तो 'जरा'च म्हणाला होता. आईशी बोलायचं म्हटलं तर "झोपली आहे." तुला दे म्हटलं तर "ती बोलत नाही."

बोलत नाही म्हणजे काय? 'माझ्या नजरेखाली आहेत' असं लिहिलं होतंस ना? त्यानंतर पत्र नाही.

काय झालंय ते मला लिही. गोड करून लिहू नकोस. वाईट असेल तर वाईट लिही, पण लिही.

तुझी नणंद

२९ मे

वन्सं,

लिहिते. आई जिवंत आहेत, दवाखान्यातून घरी आल्या आहेत, दोन वेळा पेज पितात. हे आधी वाचा आणि मग पुढचं.

त्या दुपारी वीज सकाळपासून येत-जात होती. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खोली भरलेली. मी नेहमीसारखी आतल्या बाजूला दाराशी बसले होते. मध्ये पिंप भरायला मागच्या नळावर गेले. परत आले, पायऱ्यांवर नजर टाकली. आईंच्या चपला होत्या, काळ्या दोऱ्याच्या. शिलाईवालीच्या नव्हत्या. मनात म्हटलं, ती गेली घरी, आई आहेत. मेळ बसला. मी डोळे मिटून नाम घेत बसले. वन्सं, मी देवाचं नाव घेत बसले होते!

मग शिलाईवाली आतून डोळे चोळत आली. पायऱ्यांवर इकडे तिकडे बघते आणि म्हणते, "माझ्या चपला कोणी नेल्या गं?"

मी हसून म्हटलं, "तुझ्या होडीएवढ्या चपला कोण नेणार?" आणि हसता हसताच मला आईंच्या चपला दिसल्या. तो क्षण मी कसा लिहू? माझं हसू तोंडावरच राहिलं. आत धावले. आईंच्या जागी नुसती उशी.

नंतर आईंनीच सांगितलं ते असं. उन्हाने त्यांचे पाय सुजले होते, स्वतःच्या चपलेत शिरेनात. म्हणून शिलाईवालीच्या मोठ्या चपला पायात सरकवल्या आणि मी पिंपाशी असताना निघाल्या. कशासाठी? स्वयंपाकघरातला पंखा बंद करायचा राहिला होता. वीज आली की रिकाम्या घरात फिरत बसेल, म्हणून. उगाच वीज जळायला नको म्हणून. "तू रोज ओरडतेस ना," म्हणाल्या. तेवढ्यासाठी त्या इतके जिने चढल्या, त्या स्लॅबखाली.

आम्ही वर पोचलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर होत्या. पंखा बंद केलेला होता. अंग कोरडं ठणठणीत आणि असं तापलेलं की मी हात मागे घेतला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई, मला शाळेत नको पाठवू." मला आई म्हणाल्या, वन्सं.

माझे हात चालेनात. मी नुसती किंचाळत होते. मग तुमचं पत्र डोळ्यांपुढे आलं, आधी गार करायचं, मग हलवायचं. शिलाईवालीने फोन लावला. मी मोरीतला नळ सोडला तर पाणी उकळतं, गच्चीतल्या टाकीचं. ते कसं ओतू? तेव्हा मी जिन्यात येऊन ओरडले, "सभागृहातलं पाणी आणा, पिंपातलं!" आणि आमच्यामागून निघालेली ती सगळी माणसं, जी धाप लागते म्हणून हळू चालतात, ती पायरी पायरीवर उभी राहिली आणि बादल्या हातोहात वर येऊ लागल्या. कंडक्टर खालून ओरडत होते, "पुढे सरका!" मी कपड्यांसकट ओतत गेले. चादरी भिजवल्या, शिलाईवाली पुठ्ठ्याने वारा घालत होती. एक बादली हातात घेताना पाहिलं तर देणारे कुलूपकाका होते, प्रार्थनेचे स्वच्छ कपडे चिंब भिजलेले. दवाखान्याची गाडी आली तोवर आईंनी मला "अगं पुरे, बुडवतेस का" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं म्हणून वाचल्या.

आता त्यांना मधलं मधलं आठवत नाही. चमचा धरताना हात कापतो. हे पूर्वी नव्हतं. लपवत नाही.

काकांनी खोलीला कुलूप घातलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आत काही झालं तर मी देवाला आणि गल्लीला काय तोंड दाखवू? मी भित्रा माणूस आहे."  मला वाटलं, बरंच झालं. मी चपला राखल्या, माणसं राखली नाहीत. हे काम माझं नव्हे. मी कुठल्या तोंडाने तुम्हाला लिहिणार होते?

रेडिओवर सांगतात, पुढच्या आठवड्यात याहून मोठी लाट आहे. आईंना जिन्याखाली, तळमजल्याच्या बोळात खाट टाकून झोपवते. त्यांच्याजवळून हलत नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही. शिलाईवाली काल विचारत होती, "आम्ही कुठे जायचं?" मी दार लावून घेतलं.

मला माफ करा असंही म्हणवत नाही.

वहिनी

३ जून

वहिनी,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग खूप राग आला. तुझा, चपलांचा, आईचा, आणि त्या पत्रकाचा. ते पत्रक मी लिहिलं होतं. 'रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा' हे माझं वाक्य आहे. गारवा कुठे शोधावा, शेजारच्या म्हातारीकडे कोणी डोकवावं, याचं एक अक्षर मी त्यात घातलं नाही. तेव्हा माफीबिफीचं राहू दे. आपण दोघी एकाच पायरीवर उभ्या आहोत.

आता ऐक. त्या दुपारी वाईट काय घडलं? दारात असलेल्या माणसाला आत कोण आहे ते कळलं नाही. खोली वाईट नव्हती. खोली नसती तर पाणीही नसतं आणि जिन्यावर माणसंही नसती. आई त्या स्वयंपाकघरात एकटी असती, घड्याळवाल्या आजोबांसारखी, आणि तू बाजारात.

लाट येते आहे हे खरं आहे. मी पुन्हा नकाशा उघडून पाहिला. चार-पाच दिवस कठीण आहेत. तेवढ्यात ती खोली उघडी हवी. म्हणून सोबत एक कागद जोडला आहे, विश्वस्तांसाठी. जन्मात इतकं लहान काही लिहिलं नव्हतं, एकच पान. त्यात जगाविषयी काही नाही. दारात एकीने नव्हे, दोघींनी बसायचं. आत येणाऱ्याचा चेहरा बघायचा, हाक मारायची, अधूनमधून उठवून पाणी द्यायचं, बरं दिसो वा न दिसो. घरी जायचं असेल त्याच्यासोबत कोणीतरी जायचं आणि तो परत आला की सोबत्याने सांगायचं. वर कोणीही एकट्याने चढायचं नाही. चादरी आणि भरलेलं पिंप कायम तयार. खाली जबाबदार व्यक्तीच्या सहीसाठी जागा सोडली आहे.

काकांना सांग, मीही भित्रीच आहे. भित्र्या माणसाने लिहिलंय म्हणून त्यात सगळं आलंय.

आणखी एक. आज घराबाहेर पडले. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालयाचं तळघर आहे, जुनी वर्तमानपत्रं ठेवतात. किल्ली कोणाकडे असते ते विचारून आले. उद्या त्या बाईंना भेटायचं आहे. काय बोलायचं ते सुचत नाहीये. तू काकांना घोरण्याचं बोललीस तसं मला जमणार नाही.

आईच्या हाताला रोज लिंबाएवढा कापडी चेंडू दाबायला दे.

तुझी नणंद

१० जून

वन्सं,

हे पत्र सभागृहाच्या दारात बसून लिहिते आहे. दोन ओळी लिहिते, मान वर करते, आत सगळ्यांना हाका मारून येते, पुन्हा लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

काकांनी तुमचा कागद तीनदा वाचला. मग म्हणाले, "हे सगळं ठीक, पण सही कोण करणार?" मी शिलाईवालीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिच्या मागच्या भिंतीवर उन्हाची तिरीप पांढरी झाली होती. मी पेन घेतलं. माझं नाव मी घरच्या वाण्याच्या चिठ्ठीखाली लिहिते, आणि इथे लिहिताना वाटलं की एकेका अक्षराखाली कोणाचा तरी श्वास आहे. पेन मधेच थांबलं तेव्हा काका म्हणाले, "नको वाटत असेल तर राहू द्या." मी म्हटलं, "नको तर वाटतंयच." आणि केली सही. तिच्याखाली शिलाईवालीने केली.

आज लाटेचा दुसरा दिवस. तुम्ही लिहिलंत त्याहून वाईट आहे. वारा आला तर चेहरा भाजतो. पलीकडच्या गल्लीतून माणसं येताहेत, मी कधी न पाहिलेली. मी प्रत्येकाचा चेहरा बघते आणि लाजत नाही. आत आता पाय ठेवायला जागा उरली नाही. गर्दीच्या श्वासाने खोलीच थोडी तापली आहे, फरशीला हात लावला तर पूर्वीसारखी लागत नाही. याची मला फार भीती वाटते. कोणाला बोलले नाही, तुम्हाला लिहिते.

मघाशी दारात एक तरुण बाई आली, कडेवर तान्हं मूल. मूल रडत नव्हतं. मान खांद्यावर टाकलेली. कंडक्टरनी "पुढे सरका" म्हटलं आणि पहिल्यांदाच कोणी सरकू शकलं नाही. मी आत बघते, बाहेर बघते. कोणाला ऊठ म्हणू? माझ्या नावाची सही आहे, म्हणून हे मीच ठरवायचं का?

तेवढ्यात आई उठल्या. भिंतीला धरून, हात कापत.

"आई, तुम्ही बसा! खाली बसा म्हणते ना!"

"चारचौघांत सासूवर ओरडतेस? ये गं पोरी, इथे टेक. ही जागा चांगली गार झालीय, मी सकाळपासून तापवत नाही, गारच ठेवलीय."

आणि येऊन दारात माझ्या शेजारी, सावलीच्या पायरीवर बसल्या. मी ओली चादर त्यांच्या अंगावर टाकली, चेहरा पुसला. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणतात कशा, "मूल बघ, मूल. मला काय बघतेस." मुलाला भिजवलं, वारा घातला. आत्ता ते रडायला लागलं आहे, खणखणीत. सगळी खोली झोपमोड झाली म्हणून खूश आहे.

पण आई पायरीवर आहेत, वन्सं. सावली आहे, पण पायरी आतल्यासारखी नाही. त्यांच्या कपाळाला मी दर ओळीनंतर हात लावते. अजून ओलसर आहे. लाटेचे अजून दोन-तीन दिवस बाकी आहेत, आणि पुढच्या वर्षाचा रंग तर तुम्ही बघितलाच आहे. एक खोली पुरणार नाही.

समोर किराणा दुकानाचं गोदाम आहे, जमिनीखाली, जाड भिंतींचं. मालक माणूसघाणा आहे, कुत्र्यालाही उभं करत नाही. मी त्याच्याशी उभ्या आयुष्यात बोललेले नाही. शिलाईवालीला आणि कंडक्टरना दारात बसवते, आईंचा हात तिच्या हातात देते आणि रस्ता ओलांडते. नुसता रस्ता तर ओलांडायचा आहे.

तुमच्या वाचनालयाच्या बाई काय म्हणाल्या ते कळवा. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा कसं मागायचं, तेही.

दाराबाहेर अजून चौघं जण येऊन उभे राहिलेत. उठते.

तुमची,
वहिनी